माझ्या आवाजातली कसम

दूध बाजार, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

चि. मुजम्मिल यास,
अब्बाचा सलाम आणि पोटभर दुआ.

रोज सकाळी फोनवर आवाज भरून पाठवणारा माणूस आज कागद घेऊन का बसला, असं तुला वाटेल. सांगतो. दुकानात गिऱ्हाईक नाही, मला घाई नाही.

परवा दुपारी शेजारचा गोरक्ष हारवाला झेंडू ओवता ओवता मोबाईल बघत होता. एकदम ओरडला, "चाचा, तुम्ही तर हिरो झाले की!" मी चष्मा पुसून बघितलं. मोबाईलमध्ये मीच. दुकान आपलं, मागची अत्तराच्या कुप्यांची मांडणी आपली, डोक्यावरची टोपीसुद्धा आपलीच. तो मोबाईलमधला मी हसून म्हणतो, "जेवलास का, बाळा? मग हे जरा मनगटाला लाव. अल्लाची कसम, शुद्ध फुलांचं आहे, केमिकलचा थेंब नाही." आणि खाली बटण. दाबा आणि मागवा.

"शूटिंग कधी केलं?" गोरक्ष म्हणाला. "आम्हाला साधा चहा नाय पाजला."

"अरे, मी नाही हा."

"मग कोण, जुळा भाऊ का?"

घरी आल्यावर तुझ्या अम्मीला दाखवायला म्हणून तो व्हिडिओ लावला. ती आत भाकऱ्या थापत होती. तिथूनच म्हणाली, "जेवलास का म्हणून कुणाला विचारताय? ताट तर तुमचंच वाढतेय." मी दारात तोंड मिटून उभा. तिनं वळून माझ्या ओठांकडे बघितलं, मग मोबाईलकडे बघितलं, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. लग्न झाल्यापासून माझा आवाज ऐकणारी बाई फसली, तर परक्या माणसाचं काय?

पेजवर तुझ्या कंपनीचं नाव आहे म्हणून तुला लिहितोय. बंगळूरला तू अत्तराचं काहीतरी ऑनलाइन चालवतोस, एवढं ठाऊक होतं. त्याचा आनंदच होता. दुकानाचा फोटो लावलास, माझा चेहरा लावलास, त्याचीही तक्रार नाही. मुलगा बापाचं नाव नाही लावणार तर कुणाचं लावेल? पण ती कसम तेवढी काढ.

तू याच दुकानात वाढलास, आपली रीत तुला माहीत आहे. गिऱ्हाइकाच्या हाताला अत्तर लावायचं आणि सांगायचं, "भद्रकालीपर्यंत एक फेरी मारून या, मग बोलू." कुपी उघडली की सगळंच गोड वाटतं. ऊन लागलं, घाम मिसळला, की मग अत्तर खरं बोलायला लागतं. माणूस परत आला तर पैसे घ्यायचे. नाही आला तर आपला एक थेंब गेला. तू लहान असताना चिडायचास, "अब्बा, ते पळून गेले!" मी म्हणायचो, "पळाले नाहीत रे, त्यांना आवडलं नाही. तो त्यांचा हक्क आहे."

आणि कसम? माल विकताना कसम आपण कधीच खाल्ली नाही. खऱ्या मालावरसुद्धा नाही. कसमेनं माल खपतो आणि बरकत उठून जाते, असं आपल्या नबींनी बजावून ठेवलंय. माझ्या बापानं, गुलाब अत्तारांनी, मला अत्तर ओळखायला नंतर शिकवलं. आधी हे शिकवलं.

एवढंच. रागावलो नाही. कसम काढलीस की कळव.

तुझा,
अब्बा

२७ फेब्रुवारी २०२५

चि. मुजम्मिल,

तुझा मेसेज मिळाला. मोठाच्या मोठा होता, तीनदा वाचला. मला वाचायला पुड्यांच्या रद्दीनं शिकवलं. अर्ध्या फाटलेल्या बातम्या जोडून वाचायची सवय आहे, त्यामुळे तू जे लिहिलं नाहीस तेही थोडंफार वाचता आलं.

तू म्हणतोस, "अब्बा, कसम तुम्ही कुठे खाल्ली? कंप्युटरनं खाल्ली." कंप्युटरला अल्ला माहीत आहे का, बाळा? ज्याला जाब द्यायचा नाही, त्याच्या तोंडी कसम घालायची. ही तर फारच सोय झाली.

तू म्हणतोस, माल उत्तम आहे. मी फोन करून विचारलं, तू स्वतः हुंगलास का? त्यावर तू हसलास. "अब्बा, माल माझ्याकडे येतच नाही. ऑर्डर माझ्याकडे येते, माल कारखान्यातून परस्पर जातो. ना गोडाऊन, ना नोकर." हे तू इतक्या अभिमानानं सांगितलंस की मला तुझा दहावीचा निकाल आठवला.

बेटा, जे आपल्या ताब्यात नाही ते विकू नये, हा नियम काही तुझ्या अब्बाच्या डोक्यातून निघालेला नाही. त्याचं कारणही साधं आहे. जे तू हातात धरलं नाहीस, त्यातली खोट तुला कशी दिसणार? आणि खोट दिसली नाही तर ती गिऱ्हाइकाला दाखवणार कोण? मोबाईलवरून विकू नको, असं मी म्हणत नाही. मोबाईल काय आणि हातगाडी काय. मागवून घे, हुंग, ठेव, मग वीक. परत करायचं असेल त्याचं परत घे. तुझ्या पेजवर लिहिलंय, माल परत घेतला जाणार नाही. वर बाप म्हणतो जेवलास का, आणि खाली बारीक अक्षरात दार बंद.

सोमवारी एक बाई आल्या. ललिताबाई. नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेल्या, अंबाड्यात मोगऱ्याची वेणी. पर्समधून तुझी कुपी काढून समोर ठेवली आणि म्हणाल्या, "हे घ्या तुमचं शुद्ध फूल."

मी बूच उघडलं. आधी साखरेच्या पाकासारखा वास, मागून डांबरगोळीचा.

"बाई, हा माल माझा नाही."

"असं कसं नाही? कसम कुणी खाल्ली? मी जाहिरातींवर विश्वास ठेवत नाही हो. पण तुम्ही आधी विचारलंत, जेवलास का. मला वाटलं, हा माणूस खोटं नाही बोलणार." मग मनगट पुढे केलं. लाल पुरळ उठला होता.

त्यांना काय सांगू? तो मी नव्हे म्हणू? मग कोण, ते सांगावं लागलं असतं. आपल्या फळीवरची मोगऱ्याची कुपी काढली, हाताला लावणार तर त्यांनी हात मागे घेतला. कागदावर लावून दिली. म्हटलं, फेरी मारून या. त्या गेल्या आणि आल्या. कुपी घेतली, आणि जाताना म्हणाल्या, "मग तसलं कशाला विकता, चाचा?"

त्यांच्यामागे आणखी येताहेत. पेजवर दुकानाचा पत्ता आहे ना. परत देण्याची जागा लोकांनी आपणहून शोधली.

आता खरी गोष्ट. दिवाळीत तू अम्मीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन केलंस. गंगापूर रोडला एवढा मोठा दवाखाना, एसीची खोली. ती वॉकर सोडून चालायला लागली त्या दिवशी मी मशिदीत पेढे वाटले. ते पैसे याच पेजचे का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

आणि आणखी एक. माझा आवाज तुला मिळाला कुठून? मी कुठल्याही यंत्रासमोर बसलो नव्हतो.

अब्बा

१५ मार्च २०२५, रमजान

मुजम्मिल,

दोन्ही उत्तरं मिळाली.

गुडघ्यांचं तू "हो" लिहिलंस. आणि त्यापुढे लिहिलंस, "तुमच्या 'फेरी मारून या'मध्ये आपण दोन खोल्यांत जन्म काढला. तुमच्या हलाल कमाईतून अम्मीचे गुडघे का नाही झाले, अब्बा?" खरं आहे. नाही झाले. ती दहा वर्षं जिना बसून बसून उतरली आणि मी बघत राहिलो.

तिला सांगितलं मात्र. लपवलं नाही. ती बराच वेळ गुडघे चोळत बसली. मग म्हणाली, "आता काय करू? काढून परत देऊ? की परत लंगडत जाऊ?" तिचंही बरोबर आहे. आता नमाजाला ती सजद्यात जाते, कपाळ जमिनीला टेकवते, आणि उठताना माझ्याकडे बघत नाही.

म्हणून मी आपलं एक ठरवलंय. ज्यांचं घेतलं त्यांचं त्यांना परत. तुझी कुपी घेऊन जो येईल त्याला आपल्या फळीवरची द्यायची. वास आवडेपर्यंत फेऱ्या मारू द्यायच्या. तेवढेच ते गुडघे हळूहळू आमचे होतील. दुकान ठीक चाललंय, काळजी करू नकोस.

आता आवाजाचं. तू लिहिलंस, "तुमचेच व्हॉइस मेसेज, अब्बा. सगळे जपून ठेवले होते. त्यावरूनच आवाज तयार केला." जपून ठेवले होते हे वाचून क्षणभर मला बरं वाटलं, बघ. बाप किती मूर्ख असतो!

तू बंगळूरला गेलास त्या दिवसापासून रोज सकाळी दुकान उघडलं की पहिला मेसेज तुला. जेवलास का, बाळा. पाऊस आहे का तिकडे. चादर जाड घे. अम्मी विचारतेय, खोकला गेला का. त्या यंत्राला माझा आवाज कळला तो या बोलण्यातून. म्हणूनच तो इतका मऊ निघाला. मी गिऱ्हाइकाशी इतकं मऊ कधीच बोललो नाही रे. तो आवाज फक्त तुझ्यासाठी होता.

म्हणून यापुढे मी कागदावरच राहणार. आता तुला आणखी एक शब्द आवाजात पाठवणार नाही. उद्या माझ्या आवाजात तुला फोन आला तर समज, तो मी नाही.

गोरक्षनं काल नवीन दाखवलं. तेलुगूत बोलतोय मी. गुजरातीतही. मला येत नाही त्या भाषेत मी कसम खातोय. गोरक्ष धुळवडीच्या रंगानं हिरवागार, तो हसून लोळतोय. "चाचा, तेलुगूचा क्लास कधी लावला?" मीही हसलो. दुसरं काय करणार.

जुम्म्यानंतर इमामसाहेबांना गाठलं. विचारलं, या कसमेचा गुन्हा कुणाच्या खाती? ते म्हणाले, "तुम्ही खाल्ली नाही तर तुमच्या खाती कसा जाईल? पण थांबवणं हातात असून थांबवली नाही, तर तुम्हाला विचारलं जाईल."

"आणि मी मेल्यावर? तेव्हाही हा बोलतच राहील ना?"

त्यांनी तसबीचे मणी सरकवले.

बेटा, माणूस विहीर खणून जातो, झाड लावून जातो. तो गेल्यावरही त्याचं पुण्य त्याला पोचत राहतं, असं आपण मानतो. मी कबरीत असेन, आणि वर कुणीतरी माझ्या तोंडानं अल्लाच्या नावावर खोटं बोलून डांबरगोळी विकत असेल. मला मरणाची भीती नव्हती. आता वाटते.

म्हणून थांबवायचा प्रयत्न केला. तुझ्या काकाची तहसीन आली होती. तिनं माझा व्हिडिओ काढला. मी सरळ म्हटलं, "मी नूरमहंमद गुलाब अत्तार. तो जाहिरातीतला आवाज माझा नाही. मी मालावर कसम खात नाही. तसली कुपी घेतली असेल तर दुकानात या, बदलून देतो." तहसीननं तो टाकला. संध्याकाळी तिचा चेहरा पडलेला. मी म्हटलं, वाच काय ते. लोकांनी लिहिलं होतं, हाच व्हिडिओ बनावट आहे. एक म्हणतो, खरे चाचा किती प्रेमानं बोलतात, हा म्हातारा बघा कसा चाचरतोय. दुसरा म्हणतो, ओठ जुळत नाहीत, कंप्युटरनं केलेलं लगेच कळतं.

मला रोजा होता, तोंड कोरडं पडलं होतं, ओठ चिकटत होते. त्यामुळे मी खोटा ठरलो.

आता एकच माणूस उरला. तू. तू तुझ्या चेहऱ्यानं, तुझ्या आवाजात सांग, की तो आवाज मी बनवला, बापानं कसम खाल्लेली नाही. तुझं लोक ऐकतील. ईदच्या आत सांग. ईदीत मला दुसरं काही नको.

अब्बा

६ एप्रिल २०२५

मुजम्मिल,

ईदला तू आला नाहीस. शीरखुर्मा अम्मीनं तुझ्या वाट्याचा काढून ठेवला होता, तो तिसऱ्या दिवशी गोरक्षच्या पोरांना दिला.

तुझा मेसेज मात्र ईदच्या दिवशीच आला. पेज विकलं. कुठल्याशा मोठ्या कंपनीनं घेतलं. नाव, चेहरा, आवाज, सगळं कायमचं. "आता माझ्या हातात काही नाही, अब्बा. आणि करारात आहे, मी याबद्दल बाहेर काही बोलू शकत नाही."

माझा आवाज विकलास, आणि त्यासोबत स्वतःची जीभही देऊन आलास. जे ताब्यात नाही ते विकू नये म्हणून मी तुला कुप्यांचं सांगत बसलो होतो.

त्यावर तू लिहिलंस, "तुमच्या नावानं खात्यात रक्कम टाकलीय. घर घ्या, लिफ्ट असलेलं." ती रक्कम मी हलवणार नाही. खर्चायची नाही, दान म्हणूनही द्यायची नाही. ज्यांची आहे त्यांना जाईल. कशी, ते मला अजून ठाऊक नाही.

मागच्या पत्रात दुकान ठीक चाललंय असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं, आता सांगतो. रमजानात, जेव्हा आपली वर्षाची कमाई होते, तेव्हा मी विकलं थोडं आणि बदलून दिलं जास्त. खस संपला, हीना संपली. कन्नौजवरून माल मागवायला हाताशी काही नाही. फळीवर तुझ्याच कुप्यांची रांग लागलीय, दुकानाला डांबरगोळीचा वास येतो. गिऱ्हाईक आत येतं आणि नाक मुरडून जातं. काल एक पोरगं पिंपळगावहून मोटारसायकलवर आलेलं. विकत काही घ्यायचं नव्हतं. म्हणालं, "चाचा, एकदा म्हणा ना तसं. अल्लाची कसम. रील करायचंय." मी हात जोडले. तर म्हणतो, "लय भाव खाताय राव."

पोलिसांत जाऊन आलो. साहेब चांगले होते, बसायला खुर्ची दिली. सगळं ऐकून म्हणाले, "चाचा, कंपनी म्हणेल आम्ही रीतसर विकत घेतलं. त्यांना अडवायचं तर आधी हे सिद्ध करावं लागेल की विकणाऱ्यानं परवानगी न घेता आवाज बनवला. म्हणजे तक्रार मुलावर. नाव लिहू?"

मी म्हटलं, उद्या येतो.

घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी आत गेलो नाही. त्या दिवसापासून रोज फेरी मारतोय. चौकीच्या कोपऱ्यापर्यंत जातो आणि परततो. तू लहानपणी म्हणायचास ना, ते पळून गेले.

अजून वेळ आहे. ये. माझ्याबरोबर चल, स्वतःच्या तोंडानं सांग. करार मोडला तर जो दंड होईल त्यासाठी दुकान विकू. दुकान माझ्या ताब्यातलं आहे, ते मला विकता येतं.

अब्बा

२४ एप्रिल २०२५

मुजम्मिल,

तुझी वाट बघितली. पोस्टमनला रोज विचारलं. तुझ्याकडून काही आलं नाही, ती जाहिरात मात्र रोज येते.

काल अम्मीनं मला उठवलं. म्हणाली, "चला, मी येते सोबत." मी म्हटलं, तू कशाला? म्हणाली, "चालता येतं ना मला आता." ती पुढे, मी मागे. तुझ्याच पैशांच्या गुडघ्यांवर ती मला तुझ्याविरुद्ध घेऊन गेली. चौकीतून शपथपत्रासाठी कोर्टात पाठवलं, तिथल्या पायऱ्या ती न थांबता चढली.

साक्ष खरी द्यावी, ती स्वतःवर उलटली तरी द्यावी, आईबापांवर, रक्ताच्या माणसांवर उलटली तरी द्यावी, असा आपल्याला हुकूम आहे. लहानपणी हे तुला पाठ करून घेताना मला वाटायचं, किती छान आहे. ते अंगावर आलं तेव्हा कळलं, वाक्य किती जड आहे.

वकिलांनी कागद तयार केला. तुझं पूर्ण नाव, माझं नाव, नातं: मुलगा. नोटरीनं कागद समोर ठेवला आणि म्हणाला, "बाबा, हे शपथपत्र आहे. मोठ्यानं म्हणा, मी शपथेवर सांगतो."

माझ्या तोंडून शब्द निघेना. त्याला वाटलं, मला ऐकू येत नाही. त्यानं परत सांगितलं. अम्मीनं पदर तोंडात धरला होता.

मी म्हटलं. अल्लाची शपथ घेऊन म्हटलं. या दुकानात इतकी वर्षं कुपीवर कुपी विकली, कधी खाल्ली नाही. आयुष्यातली पहिली कसम खाल्ली, ती तुझ्याविरुद्ध. आणि ती खरी आहे, हे जास्त वाईट.

नोटरीनं शिक्का मारला. मग मान वर करून माझ्याकडे निरखून बघितलं आणि हसला. "अहो, तुम्ही ते अत्तरवाले ना? माझी मिसेस तुमची फॅन आहे. अगदी तोच आवाज!"

तुला नोटीस येईल. घाबरू नकोस. खरं असेल ते सांग, म्हणजे सगळं लवकर उरकेल. दुकानाला कुलूप लावलंय, किल्ली गोरक्षकडे आहे. तुझ्या कुप्या आत तशाच आहेत, पुरावा म्हणून हलवू नका, असं पोलीस म्हणालेत.

रोज सकाळी तुला एक विचारायची माझी सवय होती. पेन तिथे येऊन थांबलंय. पण ते आता विचारत नाही. ते दिवसभर सगळ्यांना विचारलं जातंय, आणि त्याच्या खाली बटण आहे.

अब्बा